चाखून बघायला पैसे पडत नाहीत

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की हल्ली रात्री ओटा आवरला की अर्धा तास मी एक फुकटचा ऑनलाइन कोर्स करते, तर त्यावर इतके मेसेज आले की अनारशाला जाळी का पडत नाही यावर पण कधी एवढे आले नव्हते. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, थोडे निवडलेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत, मोहल्ला तेवढा ठेवलाय, पण आपल्या इंदूरातली मराठी मंडळी एवढीशी की ओळखणारे त्यावरूनही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न – ताई, मी ५८ वर्षांची आहे, लोकमान्य नगरला राहते. बीए सेकंड इयरला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथंच राहिलं. आता मुलगी बेंगलोरला, हे रिटायर, दुपार खायला उठते. मला तेव्हा सायकॉलॉजी शिकायची फार इच्छा होती. मुलगी म्हणते आई ऑनलाइन फ्री कोर्स असतात तू कर. पण फ्री म्हणजे खरंच फ्री, का नंतर काही मागतात? माझं इंग्रजी जेमतेम. आणि या वयात लोक हसतील ते वेगळंच.

उत्तर – अहो, हसण्याचं आधी सांगते कारण खरी भीती तीच असते, इंग्रजी-बिंग्रजी नंतर. हसायला तिथे कोणी नसतंच. वर्ग नाही, बाक नाही, हजेरी नाही. तुम्ही आणि तुमचा फोन, बस. मी पहिला कोर्स केला तेव्हा घरात पंधरा दिवस कोणाला सांगितलंसुद्धा नव्हतं, यांना वाटायचं मी भजनाचे व्हिडिओ बघून राहिलेय.

आता फ्रीचं. आपल्याकडे शेवेच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी चिमूटभर शेव हातावर ठेवतो, ही लौंगवाली बघा, ही लसूणवाली बघा, आपण तीन प्रकार चाखतो आणि चौथाच घेतो, नाहीतर काहीच न घेता निघतो, तो काही मनाला लावून घेत नाही. हे सुरुवातीचे जे इंट्रोडक्टरी कोर्स असतात ना ते तसेच, हातावरची चिमूट. सायकॉलॉजी आपल्याला आवडते का, झेपते का, का फक्त आवडते असं तीस वर्षं वाटत होतं, हे कळायला तेवढी चिमूट पुरते. फरक एवढाच की काही दुकानदार चाखवतात आणि गप्प बसतात, आणि काही चाखवता चाखवता तुमच्या पिशवीत किलोभर टाकून मोकळे होतात.

गप्प बसणाऱ्यांत मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ओपनलर्न. हे ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं आहे. ती युनिव्हर्सिटी १९६९ साली निघाली तीच मुळी ज्यांचं शिक्षण राहून गेलं अशा मोठ्या माणसांसाठी, तिथल्या बहुतेक डिग्र्यांना आधीचे मार्क विचारतच नाहीत, आणि वर्षानुवर्षं बीबीसीच्या टीव्हीवर रात्री उशिरा नाहीतर पहाटे त्यांचे लेक्चर लागायचे, म्हणजे नोकरी करणारी, मुलं झोपवून बसलेली माणसं बघतील म्हणून. ते टीव्हीवरचे लेक्चर २००६ साली बंद झाले आणि त्याच वर्षी ओपनलर्न सुरू झालं. तुमच्यासारखीला समोर ठेवूनच बनवलंय म्हणा ना. तिथे प्रत्येक कोर्सवर लिहिलेलं असतं किती तासांचा आणि कोणत्या लेव्हलचा, तुम्ही फक्त इंट्रोडक्टरी लिहिलेले बघा. वाचायला नाव नोंदवायची पण गरज नाही, क्विझचे मार्क आणि शेवटचा कागद हवा असेल तर नोंदवा. सायकॉलॉजीचा सुरुवातीचा एक छोटा कोर्स आहे, स्टार्टिंग विथ सायकॉलॉजी नावाचा, त्याच्यापासून करा. कोर्स डाउनलोड पण होतो, म्हणजे कोपऱ्यावरच्या फोटोकॉपीवाल्याकडून छापून घेऊन चहा घेत घेत वाचता येतो. मी तसंच करते. स्क्रीनवर वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, पेन्सिल हातात लागते.

पिशवीत टाकणाऱ्यांचं काय होतं तेही सांगते कारण मी स्वतः गाढवपणा केलाय. एका साइटवर, नाव घेत नाही, सात दिवस फ्री लिहिलं होतं आणि कार्ड नंबर मागितला, मी दिला. आठव्या दिवशी पैसे कटले. बँकेचा मेसेज आदल्या दिवशी आला होता की उद्या एवढे कटणार, तो नियमच आहे, पण साड्यांच्या सेलच्या आणि लोन घ्या लोन घ्याच्या ढिगाऱ्यात तो माझ्या नजरेतून सुटला. तेव्हापासून एकच नियम, फ्री म्हणून जो कार्ड किंवा यूपीआयचा ऑटोपे मागतो त्याला नमस्कार. आणि तुमच्याकडून असं झालंच असेल तर यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते बंद करता येतं, मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

मधले पण असतात. कोर्सेरा आणि एडएक्स ही दोन मोठी नावं तुम्ही ऐकली असतील, दोन्ही २०१२ ची, अमेरिकेतल्या बड्या युनिव्हर्सिट्यांचे प्रोफेसर शिकवतात. तिथे काही कोर्सला ऑडिट म्हणून एक रस्ता असतो, म्हणजे बघा फुकट, सर्टिफिकेट पाहिजे तर पैसे. पण तो शब्द इतक्या बारीक अक्षरात ठेवतात की चष्मा लावून शोधावा लागतो, आणि बऱ्याच कोर्सना, विशेषतः कोर्सेरावर, आता तो नसतोच, एडएक्सवर तर फुकट बघायला ठराविक दिवसच मिळतात. तुम्ही सध्या तिकडे जाऊच नका, पहिला कोर्स आहे, झंझट नको.

इंग्रजीचं. जेमतेम म्हणजे पेपरातली हेडलाइन समजते का? मग चालेल. फोनच्या ब्राउजरमध्ये पानाचं भाषांतर करायची सोय असते, मराठी पण येतं, पण सांगून ठेवते की ते भाषांतर कधी कधी असं येतं की हसावं का रडावं कळत नाही. माझ्या हिशेबाच्या एका पानावर बँकेच्या इंटरेस्टचं त्याने ‘रुची’ करून टाकलं होतं, कर्जावरची रुची दरमहा भरावी. म्हणून मी काय करते, आधी इंग्रजीतून एक परिच्छेद वाचायचा, अडलं तरच भाषांतर बघायचं. आठवड्याभरात तेच वीस-पंचवीस शब्द फिरून फिरून येतात, मग गाडी चालू पडते.

आणि एक, जे मराठी मासिकात लिहू का नको असं वाटत होतं. आपण इंदूरच्या बऱ्याच जणी घरात मराठी बोललो पण शाळा-कॉलेज हिंदीतून केलं. तुमचंही बीए हिंदी मीडियमचंच असणार. तर मग इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, ई-ज्ञानकोश बघा, त्यांच्या डिग्र्यांची पुस्तकं तिथे पीडीएफमध्ये फुकट ठेवलेली आहेत आणि बरीच हिंदीतून आहेत, सायकॉलॉजीची पण. कोर्ससारखं चकचकीत नाही, सरळ धडे आहेत, पण ज्या भाषेत परीक्षा दिल्या त्या भाषेत वाचताना एकदम घरी आल्यासारखं वाटतं. मराठीतून का नाही हा प्रश्न बरोबर आहे, मलाही टोचतो, पण त्यासाठी दुपार फुकट घालवू नका.

प्रश्न – सियागंजमध्ये आमचं किराण्याचं होलसेल आहे, आजोबांपासून. वय ३४. हिशेब मुनीमजी बघायचे, ते आता सोडून गेले, सीए साहेब वर्षातून दोनदा ओरडतात. मला बीकॉम करायला वेळ नाही, फक्त आपला धंदा आपल्याला समजावा एवढंच. ऑनलाइन काही आहे का, फुकट, म्हणजे आधी फुकट.

उत्तर – आधी फुकट हे फार आवडलं भाऊ, खरे सियागंजचे शोभता.

बुककीपिंगचा सुरुवातीचा कोर्स त्याच ओपनलर्नवर आहे, इंट्रोडक्शन टू बुककीपिंग अँड अकाउंटिंग. पण तो आहे ब्रिटिश लोकांसाठी, सगळे आकडे पाउंडात, आणि टॅक्सची गोष्ट निघाली की व्हॅट. ते वाचून आपल्या जीएसटीचं काही ठरवायला जाऊ नका, सीए साहेब तिसऱ्यांदा ओरडतील. मग तो करायचा कशाला? तर डबल एंट्री शिकायला. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकीकडे नावे एकीकडे जमा, ही पद्धत जगात सगळीकडे एकच आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या एका साधूने ती पुस्तकात छापून काढली, शोधली त्याने नाही, तिथले व्यापारी आधीपासून वापरतच होते, आपल्याकडच्या बही-खात्यासारखं. पाउंड असो का रुपया, साखरेची पोती आली आणि पैसे द्यायचे राहिले तर माल वाढला आणि देणं पण वाढलं, हे एकदा हाडात शिरलं की मुनीमजी काय लिहायचे ते तुम्हाला दिवाळीच्या वहीपूजनाच्या पलीकडे पहिल्यांदा कळेल.

एक प्रयोग सांगते. त्या कोर्समधलं प्रत्येक उदाहरण सोडवलं की लगेच तेच उदाहरण आपल्या दुकानाचं घ्यायचं, कालचीच पावती काढायची आणि तशी लिहून बघायची. माझ्या भाच्याने हे असंच केलं, त्याचं औषधाचं दुकान आहे, आणि चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की घरखर्चाला गल्ल्यातून काढलेले पैसे कुठे लिहिलेच जात नव्हते, म्हणजे नफा कागदावर होता आणि गल्ल्यात नव्हता, आणि तो बिचारा नोकरावर संशय घेत होता. त्याला ड्रॉइंग्ज म्हणतात, मालकाची उचल, पुस्तकात वेगळं खातं असतं त्याला.

कॉम्प्युटरवर हिशेब मांडायचा असेल तर आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल बघा. दहा-दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ असतात, आणि हे महत्त्वाचं, बरेचसे मराठीतून आहेत. लिब्रेऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखंच पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचे धडे आहेत. पद्धत अशी की स्क्रीनच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, अर्ध्यात सॉफ्टवेअर, तो एक करतो की थांबवायचं आणि आपण तेच करायचं. नुसतं बघत बसलात तर काही येणार नाही, पोहायचा व्हिडिओ बघितल्यासारखं होईल.

प्रश्न – मी २७, विजय नगर, एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर डेटा एंट्री करतो. फ्री कोर्सचे सर्टिफिकेट रिझ्युमेत टाकले तर फायदा होतो का? मी ९ टाकलेत, एकाही इंटरव्ह्यूत कोणी विचारले नाही.

उत्तर – तुम्हीच उत्तर दिलंत की. नाही विचारत.

म्हणजे सगळीच निकामी असं नाही, थोडं सोलून बघायला पाहिजे. ओपनलर्नचा जो कागद मिळतो त्याला स्टेटमेंट ऑफ पार्टिसिपेशन म्हणतात, नावातच कबूल केलंय की हा माणूस आला होता, बस, त्याला डिग्रीचं क्रेडिट नाही. त्यांचे बॅजवाले कोर्स जरा जास्तीचे, साधारण २४ तासांचे, आठ आठवड्यांत वाटलेले, मध्ये आणि शेवटी क्विझ पास करावं लागतं, पण तो पण शेवटी घरी बसून दिलेला पेपर. एमआयटीने २००१ साली जाहीर केलं की आमच्या वर्गातलं साहित्य जगाला फुकट देणार, ते ओपनकोर्सवेअर आजही आहे, सोन्याची खाण आहे, आणि तिथे सर्टिफिकेट मिळतच नाही. कोणी काही मागत नाही, कोणी काही देत नाही, मला तर त्यात एक प्रकारची शान वाटते, पण तुम्हाला नोकरी पाहिजे, शान नको, कळतंय.

तर तुमच्यासाठी आपलंच एनपीटेल. आयआयटी आणि बेंगलोरच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये सुरू केलं, आता सरकारच्या स्वयम पोर्टलवर त्यांचे कोर्स जानेवारी आणि जुलै अशा दोन हंगामांत चालतात, चार, आठ, नाहीतर बारा आठवड्यांचे. शिकणं पूर्ण फुकट. सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेचे पैसे, मी शेवटचं बघितलं तेव्हा हजाराच्या आसपास होते, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यायची, इंदूरलाच सेंटर असतं. मार्कांत २५ टक्के दर आठवड्याच्या असाइनमेंटचे, बारा आठवड्यांच्या कोर्सात बारापैकी चांगल्या आठ धरतात, आणि ७५ टक्के त्या परीक्षेचे. परीक्षेत ७५ पैकी ३० तरी पाहिजेत, असाइनमेंटमध्ये २५ पैकी १०, नाहीतर कागद नाही. साठच्या वर गेलात की एलिट लिहून येतं. समोरच्याला एवढं तरी कळतं की हा माणूस खुर्चीत बसून पेपर देऊन आलाय. आणि तुम्ही पुढेमागे कुठल्या युनिव्हर्सिटीत नाव घातलंत तर त्यांनी मानलेल्या स्वयमच्या कोर्सचं क्रेडिट डिग्रीत धरता येतं, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमात एका सेमिस्टरच्या ४० टक्के कोर्सपर्यंत तशी मुभा आहे, पण आधी कॉलेजला विचारा, नंतर नाही.

दुसरा रस्ता, नऊ कागदांपेक्षा एक केलेलं काम. हार्वर्डचा सीएस५० नावाचा कॉम्प्युटर सायन्सचा सुरुवातीचा कोर्स आहे, शिकायला फुकट, आणि सगळे प्रॉब्लेम सेट आणि शेवटचा प्रोजेक्ट पूर्ण केला तर त्यांचं साधं सर्टिफिकेट पण फुकट. सुरुवातीचा म्हणून सोपा समजू नका, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोकं आपटावंसं वाटतं, माझ्या पुतण्याने दोनदा सोडून तिसऱ्यांदा धरला. पण शेवटी तुमच्या हाताने बनवलेली एक वस्तू असते. इंटरव्ह्यूत ती फोनवर उघडून दाखवा, मग विचारतात की नाही बघू. आणि ते नऊ रिझ्युमेतून काढा हो, दोन ठेवा. नऊ बघितले की माणसाला वाटतं याला धड एक पण नीट नाही आलं.

प्रश्न – मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक, रामबाग. गेल्या महिन्यात नातवाला घेऊन उज्जैनच्या वेधशाळेत गेलो होतो. तिथल्या सम्राट यंत्रावरची सावलीची वेळ माझ्या घड्याळापेक्षा साधारण अर्धा तास मागे होती. नातवाने विचारले, यंत्र चुकीचे आहे का? मला उत्तर देता आले नाही, फार लाज वाटली. खगोलशास्त्र या वयात पहिल्यापासून शिकता येईल का? कॉम्प्युटर नाही, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे.

उत्तर – सर, हे पत्र मी तीनदा वाचलं. यंत्र बरोबर आहे आणि तुमचं घड्याळ पण बरोबर आहे.

आपली घड्याळं भारताच्या एका ठरवलेल्या रेषेवर चालतात, साडेब्याऐंशी अंश पूर्व, ती अलाहाबादच्या जवळून जाते. उज्जैन आहे साधारण पावणेशहात्तर अंशावर, म्हणजे पश्चिमेला पावणेसात अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पावणेसात चोक सत्तावीस. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य उज्जैनच्या डोक्यावर यायला अजून सत्तावीस मिनिटं बाकी असतात. आपलं इंदूर पण जवळपास त्याच रेघेवर, आपली खरी दुपार पण साडेबाराच्या आसपासच होते. त्यात आणखी एक गंमत, पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आणि आस कललेली म्हणून सूर्य वर्षभरात कधी सोळा मिनिटांपर्यंत पुढे तर कधी चौदा मिनिटांपर्यंत मागे असतो, त्यामुळे हा फरक दर महिन्याला बदलतो. नातवाला परत घेऊन जा आणि वेगवेगळ्या महिन्यांत फरक लिहून ठेवायला लावा. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात ती वेधशाळा बांधली ती याच कामासाठी, आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांनी दुरुस्त केली ती पण बघायला शोभेची म्हणून नाही.

आणि तुम्ही तर या विषयासाठी एकदम योग्य गावात राहता. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास एक दिवस असा येतो की इंदूरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत पुन्हा येतो पण तेव्हा ढग. गच्चीवर एक सरळ पाइप उभा करा, कोर्स सुरू झाला समजा.

आता कोर्सचं. खान ॲकॅडमीवर खगोलशास्त्राचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत, पूर्ण फुकट, संस्थाच ना-नफा आहे, २००८ पासूनची. फोनवर चालतात. ओपनलर्नवर पण ग्रह-तारे-आकाशगंगा यांचे सुरुवातीचे कोर्स आहेत, ते डाउनलोड करून अक्षर मोठं करून घेता येतं. डोळ्यांना त्रास होत असेल तर फोनमध्ये मजकूर वाचून दाखवायची सोय असते, नातवाला सांगा, त्याला पाच मिनिटं लागतील. व्हिडिओचा वेग पाऊण करा, अमेरिकन लोक फार घाईत बोलतात. आणि फोन नकोच असेल तर टीव्ही आहे. सरकारची स्वयम प्रभा नावाची शैक्षणिक चॅनलं डीडी फ्री डिशवर चोवीस तास लागतात, दरमहा काही द्यावं लागत नाही, तेच कार्यक्रम दिवसातून परत परत दाखवतात त्यामुळे दुपारची झोप चुकवायची गरज नाही. सगळंच रंजक आहे असं मी म्हणणार नाही, काही सर फळ्याकडे तोंड करून बोलतात. पण तुम्ही स्वतः शिक्षक, तुम्हाला त्यातून पण दाणे वेचता येतील.

नातवाला सोबत घेऊन करा एवढंच सुचवते. तो इंग्रजी सांगेल, तुम्ही गणित सांगा.

प्रश्न – आमच्याकडे स्वयंपाकाला ज्या ताई येतात त्या ३६ वर्षांच्या आहेत, नववीत शाळा सुटली. माझ्या मुलाला गणिताचे व्हिडिओ बघताना बघून म्हणाल्या, भाभी हे मला पण शिकव, मला दहावी करायची आहे. त्यांना कुठला फ्री ऑनलाइन कोर्स सुचवाल? – सुदामा नगर

उत्तर – कोर्स सुचवते, पण आधी हे की कोर्स केल्याने दहावी होत नाही. हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर सहा महिने व्हिडिओ बघून मग कळलं तर मन फार मोडतं. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. १४ वर्षं पूर्ण असली की प्रवेश, वर कितीही वय चालतं. पाच विषय. एकदा नाव घातलं की पाच वर्षं आणि नऊ संधी मिळतात, एकेक-दोनदोन विषय करत पण पास होता येतं, पास झालेला विषय परत द्यावा लागत नाही. परीक्षा वर्षातून दोनदा असते. भोपाळला आपल्या राज्याचं पण मुक्त शाळा बोर्ड आहे. एनआयओएसची फी लागते, ती फुकट नाही, आणि इथे मी आगाऊपणा करून सांगते की ती तुम्ही भरा. दिवाळीला साडी देता त्याऐवजी नको, साडी पण द्या.

मग व्हिडिओ कामाला येतात. खान ॲकॅडमी हिंदीतून पण आहे, गणित अगदी बेरीज-वजाबाकीपासून आहे, आणि चुकलं की ओरडत नाही, परत विचारतं, परत विचारतं. नववीत सुटलंय म्हणून नववीपासून सुरू करू नका. पाचवी-सहावीच्या अपूर्णांकापासून करा, बहुतेकांची गाडी तिथेच रुळावरून घसरलेली असते आणि पुढे सगळं नुसतं पाठ केलेलं असतं. त्यांना अपूर्णांक येतातच, वीस माणसांच्या पोह्याला किती पोहे आणि त्यातल्या आठ जणांना तिखट नको तर किती वेगळे काढायचे हे त्या मनात करतात, फक्त त्याला अपूर्णांक म्हणतात हे कोणी सांगितलेलं नसतं.

डेटाचं विचारा. त्यांच्या घरी एकच फोन असेल आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल तर सगळं बोलणं व्यर्थ आहे. तुमच्या घरी काम संपल्यावर पाऊण तास, तुमच्या वायफायवर, डायनिंग टेबलवर, खुर्चीत बसून. खाली बसून नाही.

प्रश्न – मी आतापर्यंत अकरा फ्री कोर्सना नाव घातलंय, एक पण पूर्ण नाही केला. वाइन टेस्टिंग पण आहे त्यात. माझ्यात काय खोट आहे? – वय ४४, महालक्ष्मी नगर

उत्तर – खोट काही नाही, फुकटच्या शेवेच्या दुकानात तुम्ही दोन्ही हात पुढे केलेत. सोडलेला कोर्स म्हणजे गुन्हा नाही हो, जगभर फुकटचे कोर्स घेणारे बहुतेक जण अर्ध्यातच सोडतात, आणि दोन तास बघून ‘हे आपलं नाही’ कळलं तर ते दोन तास वसूल झाले की. वाइनचं मी समजू शकते, एकदम रोमांचक वाटलं असेल.

पण अकरा एकदम नको. आज दहा काढून टाका. उरलेला कोणता ठेवायचा तर ज्याचं तुम्ही नवऱ्याने न विचारताच जेवताना त्याला काहीतरी सांगितलं होतं तो. त्याला आठवड्यातले दोन ठराविक वार द्या, माझे मंगळवार आणि शुक्रवार आहेत, त्या दिवशी रात्री आमच्याकडे खिचडी असते आणि ते घरात सगळ्यांना माहीत आहे. सहा तासांच्या वरचा कोर्स पहिल्यांदा घेऊच नका. आणि कोणता ठेवलात ते मला कळवा, वाइनचाच ठेवला असेल तर जरूर कळवा.